टाळी नक्की कुठं वाजवायची

आमच्या साताऱ्यातल्या ज्येष्ठांच्या ग्रुपची सहल म्हणजे काय असते ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. गोंदवले, शिखर शिंगणापूर, औंधची यमाई, पालीचा खंडोबा आणि जरा लांब जायचं ठरलं तर नरसोबाची वाडी. गेल्या सात वर्षांत एवढंच. मला देवाचं वावडं नाही, रोज सांजवात लावते, पण साठी उलटली की लोक आपल्याला उचलून थेट देवळात नेऊन ठेवतात, जसं काय आपण नवसाचे नारळच. तुम्हाला काय ऐकायला आवडतं, काय खायला आवडतं, कोणी विचारत नाही. प्रवचन ऐका आणि खिचडी खा.

तर जानेवारीत आमच्या खजिनदार काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला. पाचगणी, एक दिवस, जेवण आणि लाईव्ह जॅझ, म्हणजे ते अमेरिकन संगीत. त्यावर पहिला रिप्लाय आला तो असा, "पारशी पॉइंट माहितीये, सिडनी पॉइंट माहितीये, हा जॅझ पॉइंट नवीन काढला का?"

(नावं कोणाचीच लिहीत नाहीये, नाहीतर उद्या सकाळी गोलबागेपाशी माझी खैर नाही.)

झालं असं होतं की काकांचा भाचा पाचगणीत एका जुन्या पारशी बंगल्यात मॅनेजर आहे, तिथे रविवारी दुपारी पुण्याहून बँड बोलावतात, जेवण आणि वाजवणं एकत्र. आम्हाला स्वस्तात दिलं, माणशी ११५० रुपये, गाडीसकट. तरी त्यावरही चार दिवस वाद. एकाचं म्हणणं, एसटीनं जाऊ, ७५ च्या वरच्यांना २०२२ पासून फुकट आहे, ६५ ते ७५ ला अर्धं, बायकांना २०२३ पासून अर्धं, मग खासगी गाडी कशाला. त्यावर आमच्यातले एक ६३ वर्षांचे काका फुगले, म्हणजे पूर्ण तिकीट फक्त आम्हीच काढायचं का, आम्ही काय पाप केलं. शेवटी पोस्टातल्या ताईंनी एकच प्रश्न विचारला आणि विषय संपवला. "एसटी बाथरूमला थांबेल का आपल्या वेळेनं?" मिनीबस ठरली.

आम्ही २४ जण. साडेसातला पोवई नाक्यावर भेटायचं ठरलेलं, साडेसहालाच आठ जण हजर आणि दोघं आठ वाजता. एसी आहे असं सांगितलं होतं, तो सुरू केला की गरम हवा यायची, मग खिडक्या उघडल्या आणि फेब्रुवारीतली सकाळची थंडी सगळ्यांच्या कानात गेली. मग निघाले मफलर, कानटोप्या, एकीनं तर साडीचा पदरच कानाला गुंडाळला. आनेवाडी टोलनाका येईपर्यंत आल्याच्या वड्या, आवळा सुपारी आणि बीपीच्या गोळ्या घेतल्या का याची चौकशी, अशा तीन फेऱ्या झाल्या. पाचवडला चहा आणि ते दुसरं काम. इथे एक सांगते, बायकांच्या सहलीचा नकाशा हा देवळांचा नसतो, पॉइंटांचा नसतो, स्वच्छ बाथरूम कुठं आहे त्याचा असतो, आणि तो नकाशा पोस्टातल्या ताईंना तोंडपाठ आहे, पुणे ते कोल्हापूर.

वाईत ढोल्या गणपतीला गेलोच. जॅझ झाला म्हणून काय, गणपतीला न भेटता घाट चढायची कोणाची हिंमत नव्हती. आणि मग मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि खाली कृष्णेचा घाट, पण पायऱ्या बघूनच अर्धी गाडी म्हणाली आम्ही इथनं नमस्कार करतो. मी उतरले, कारण मला ती घंटा परत एकदा बघायची होती. मी शाळेत इतिहास शिकवायचे, एकतीस वर्षं, आणि पाचवेळा तरी पोरं घेऊन इथे आलेली आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ ला वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा उतरवून मराठ्यांनी आणल्या आणि आपल्या देवळांत लावल्या, भीमाशंकरला आहे, आणि ही मेणवलीची. अंगावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी. शंकराच्या देवळापाशी निवांत लटकतीये. हात लावला तर बर्फासारखी गार. माझ्याबरोबर उतरलेले तात्या म्हणाले, "वाजवली तर रागावतील का कोणी?" मी म्हणलं नका वाजवू. त्यांनी मग नखानं हळूच टिचकी मारली आणि कान जवळ नेऊन ऐकत बसले, बराच वेळ.

तात्यांबद्दल सांगायला पाहिजे. ग्रुपमध्ये सगळ्यात कमी बोलणारा माणूस. त्यांनी तीस-पस्तीस वर्षं लग्नाच्या बँडात क्लॅरोनेट वाजवलंय, दिवसा एका प्रेसमध्ये कंपोझिटर आणि लग्नसराईत तो लाल कोट. सातारा, कोरेगाव, फलटण, या भागातल्या निम्म्या वराती त्यांच्या फुंकेवर निघाल्या असतील. आमच्या लग्नात त्यांचा बँड होता की नाही ते त्यांनाही आठवत नाही आणि मलाही, पण आम्ही होता असंच धरून चालतो.

पसरणी घाटात दोघींना मळमळलं, पिशव्या तयार होत्या, तो भाग सोडून देते. पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव, ते आलं की गाडीत कोणीतरी हमखास ढोलकीचा विषय काढतं, तसा काढला. वर आल्यावर ती सरळसोट सिल्व्हर ओकची झाडं, खाली धोम धरणाचं पाणी, आणि ट्रॅफिक. रविवार. तासभर एकाच जागी. तेवढ्यात एकांचा नातू फोनवरून माहिती देत होता की क्वीन नावाच्या इंग्लंडमधल्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे मूळचा फारुख बलसारा, तो लहानपणी पाचगणीतल्या सेंट पीटर्स शाळेत होता आणि तिथेच पोरापोरांचा हेक्टिक्स नावाचा बँड काढून पियानो बडवायचा. काकांनी ते मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. मागनं आवाज आला, "कोण मर्क्युरी? तो बल्बवाला?"

बंगला मात्र छान. उतरतं पत्र्याचं छप्पर, भोवती व्हरांडा, आत लाकडी जमीन, पाय टाकला की ठक् ठक् वाजणारी. एका कोपऱ्यात ड्रम मांडलेले. आणि बाथरूम स्वच्छ, पोस्टातल्या ताई स्वतः आधी बघून आल्या आणि अंगठा दाखवला.

आता जेवण. धनसाक होतं, ब्राऊन राईस, कचुंबर, मटणाचं वेगळं आणि आमच्यासारख्यांना भाज्यांचं वेगळं. धनसाक म्हणजे तूर, मसूर अशा डाळी, त्यात लाल भोपळा, वांगं, मेथी असं सगळं शिजवून घोटून टाकायचं, आणि त्यांचा तो मसाला. भात ब्राऊन म्हणजे हातसडीचा नव्हे हं, तांदूळ तळलेल्या कांद्यात आणि जळवलेल्या साखरेत शिजवतात म्हणून तसा रंग. एका काकूंनी पहिला घास घेतला आणि निकाल दिला, भोपळ्याच्या भाजीत आमटी सांडल्यासारखं लागतंय पण चांगलं लागतंय. दुसरीनं पर्समधून फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा काढला, मी बाहेरचं खात नाही म्हणाली, आणि पाच मिनिटांत तिच्या भाकरीचे तुकडे सगळ्या टेबलावर गेले, एक आत स्वयंपाक्यालाही गेला. धनसाकाबरोबर भाकरी खाऊन बघा कधी. मी सांगते म्हणून.

भाच्यानं माहिती द्यायची म्हणून सांगितलं की पारशी लोक धनसाक शुभकार्याला करत नाहीत, घरात कोणी गेलं तर तीन दिवस मटण वर्ज्य असतं आणि चौथ्या दिवशी धनसाक करतात, आणि एरवी रविवारी, कारण खाल्लं की झोपच येते. चौथा दिवस म्हणल्याबरोबर दोन-तीन चमचे खाली गेले. एक काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, काय हो हे, सुतकाचं जेवण घातलं की काय आपल्याला. मी म्हणलं आज रविवार आहे, जेवा. चमचे परत वर आले. शेवटी लगन नु कस्टर्ड, दुधाचं आटवून वेलची-जायफळ घालून भाजलेलं, डायबेटिसवाले चौदा जण आणि चौदाही जणांनी "फक्त एक चमचा" घेतलं. चमचा कोणता ते विचारू नका.

दोनच्या सुमाराला बँडवाले आले. चौघं. सॅक्सोफोनवाले साठीच्या आसपासचे, मूळ गोव्याचे, आता पुण्यात असतात, बऱ्यापैकी मराठी. कीबोर्डवर एक गंभीर तरुण, ड्रमवर कानात बाळी घातलेला पोरगा आणि एक एवढीशी मुलगी, तिच्यापेक्षा दीडपट उंच ते सारंगीच्या आजोबांसारखं वाद्य घेऊन. डबल बास म्हणतात. गज न वापरता बोटांनीच तारा ओढत होती. शेजारच्या काकू मला म्हणतात, पोरगी बोटांना काय लावते विचार की, माझ्या सुनेला भांडी घासून सालं निघतात.

पहिलं गाणं सुरू झालं आणि आम्ही शाळेतल्यासारखे हाताची घडी घालून गप्प. मध्येच सॅक्सवाल्यांनी एक लांबलचक काहीतरी वाजवलं, घामाघूम झाले आणि थांबून आमच्याकडे बघायला लागले. आम्ही त्यांच्याकडे. ते हसले आणि गाणं संपल्यावर म्हणाले की जॅझमध्ये एकेकाचं एकट्याचं वाजवणं झालं की तिथल्या तिथं टाळ्या देतात, शेवटाची वाट बघत नाहीत. अहो मग आधी सांगायचं ना! आम्ही तर नाट्यसंगीतावर वाढलेली माणसं, वन्समोअर देऊन देऊन नटाचा घसा बसवणारी. त्यानंतर एकही तान, एकही तुकडा मोकळा गेला नाही, 'वा' आणि 'क्या बात है' आणि एकदा 'आता कसं!' सुद्धा.

पण खरी गंमत टाळीची. ड्रमवाल्या पोरानं सांगितलं, माझ्याबरोबर टाळी धरा. आम्ही धरली. तो थांबला. परत सुरू केलं, परत थांबला. म्हणाला, आजी, एक दोन तीन चार असं मोजा आणि टाळी दोनवर आणि चारवर मारा. झालं. २४ माणसं, जन्मभर आरतीला एकवर टाळी मारत आलेली, ती कशी दोनवर मारणार! दोन मिनिटं जमायचं आणि परत गाडी एक-तीनवर. एक काका तर चारही मारत होते, एक तरी बरोबर येईल म्हणून. शेवटी आमच्या भजनी मंडळातल्या वहिनी उठल्या. त्या मंडळात टाळ वाजवतात, एकादशीला पावली खेळतात, पाऊण शतकाच्या जवळ आल्यात पण ताल अजून पक्का. त्या म्हणाल्या, "आवं सोपं हाय. पाय एकला आणि तीनला आपटा, हात दोनला आणि चारला. पावली खेळताना पाय आणि टाळ येगळं चालत्यात का न्हाई? तसंच." आणि करून दाखवलं. पाय, टाळी, पाय, टाळी. लाकडी जमीन ठक्, हात चट्. पाच मिनिटांत सगळा व्हरांडा एका लयीत. ड्रमवाला पोरगा म्हणाला हे मला कॉलेजात तीन महिने लागले होते. वहिनी म्हणाल्या, कॉलेज काय करतंय त्यात, वारी करावी लागती.

आमच्यात एक शास्त्रीयवाले काका आहेत, औंधच्या संगीत महोत्सवाला चुकत नाहीत, त्यांचा चेहरा एवढा वेळ कारल्याचा रस प्यायल्यासारखा. त्यांनी हात वर करून विचारलं, सम कुठं आहे, म्हणजे आवर्तन कुठून सुरू होतं? मला वाटलं आता भांडण. पण सॅक्सवाल्यांना प्रश्न एकदम आवडला. म्हणाले ब्लूज वाजवतो, बारा घरं असतात, प्रत्येक घरात चार मात्रा, बारा संपली की परत पहिल्या घरावर, मग दुसरा माणूस वाजवणार, पण घरं तीच. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. काका बोटांच्या पेरांवर मोजायला लागले, पहिल्या फेरीत चुकले, दुसऱ्या फेरीत बासवालीच्या हाताकडे बघत राहिले आणि तिसऱ्या फेरीत बरोब्बर जागेवर हात आपटून ओरडले, "आली!" सगळा बँड हसतोय आणि वाजवतोय. नंतर काका मला म्हणाले, गंधार बघितलास का त्यांचा, ना धड कोमल ना धड शुद्ध, मध्येच कुठेतरी, मुद्दाम. आपल्याकडे श्रुती म्हणतो आणि केवढा बाऊ करतो, हे लोक त्याला निळा सूर म्हणतात आणि मोकळे होतात. मग ड्रम आणि सॅक्सची चार-चार घरांची देवाणघेवाण झाली, हे वाजवणार, तो उत्तर देणार. त्याला सवाल-जवाब म्हणायला काकांची गरज नव्हती, पसरणीतल्या ढोलकीवाल्यानंही ओळखलं असतं.

एक काका कानात मशीन लावतात. सॅक्सच्या वरच्या सुराला त्यांचं मशीन शिट्टी मारायला लागलं. सॅक्सवाले म्हणाले कोण ते, चांगलं सुरात आहे. पण काकांना त्रास होत होता, ती मशीनं माणसाच्या बोलण्यासाठी केलेली, वाद्याचा लांब सूर आला की गोंधळतात. त्यांनी काढून खिशात टाकलं. मला वाईट वाटलं, बिचारे आता दोन तास नुसते बघत बसणार. तर थोड्या वेळानं बघते तर खुर्ची पुढे घेऊन, चपला काढून, अनवाणी पाय लाकडी जमिनीवर आणि एक हात टेबलावर सपाट ठेवून डोळे मिटून बसलेत. शेवटी जाताना त्या बासवाल्या मुलीला म्हणाले, पोरी, आज मला तू एकटीच ऐकू आलीस.

मध्यंतरात चहा. सॅक्सवाले आमच्यातच येऊन बसले. त्यांचे आजोबा मुंबईत हॉटेलात वाजवायचे. मी इतिहासाची बाई, मी सोडते होय, खोदून खोदून विचारलं. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचे, मिसासाठी, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेसाठी. ती पोरं मोठी होऊन पोट भरायला मुंबईला, कलकत्त्याला, रंगूनला गेली. १९३५ च्या सुमाराला ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी नावाच्या काळ्या अमेरिकन माणसाचा बँड आला, मग टेडी वेदरफर्ड पियानोवाला आला, त्यांच्या शेजारी बसून गोवेकर जॅझ शिकले. त्यातला एक शिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेट वाजवायचा, त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. आणि हॉटेलं ओस पडली तेव्हा हीच माणसं सिनेमात गेली, कारण संगीतकार पेटीवर चाल बांधायचे पण ती पन्नास वादकांना कागदावर लिहून देणारं कोणीतरी पाहिजे ना, ते गोव्याचे.

मला एकदम सकाळची घंटा आठवली. तिच्यावरची मेरी आणि यांच्या आजोबांच्या हातातलं व्हायोलिन, दोन्ही त्याच पोर्तुगीजांबरोबर आलेलं, एक आपण लढून आणलं आणि दुसरं आपोआप लग्नाच्या बँडापर्यंत येऊन पोचलं, आणि आम्हाला पत्ता नाही. मी तात्यांना हे सांगायला वळले तर ते जागेवर नव्हते.

ते तिकडे वाद्यांपाशी. सॅक्सवाल्यांनी क्लॅरोनेटही आणलं होतं, स्टँडवर उभं होतं. तात्या कमरेत वाकून हात मागे बांधून बघत होते, दुकानात दागिना बघावा तसं. सॅक्सवाले जवळ गेले. तात्यांनी विचारलं, "पत्ती अडीच नंबरची का?" त्यांनी हो म्हणलं. "मी तीनची लावायचो. वरातीत अडीचची ऐकू जात नाही." मग दोघांचं जे सुरू झालं ते आमच्यातल्या कोणालाच कळलं नाही. पत्ती म्हणजे ती बोरूसारखी, तोंडाशी बांधतात ती पातळ चीप, तीच थरथरते आणि आवाज होतो. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी त्याला लाकडी वाद्यांतच धरतात ते ह्या पत्तीमुळं, हे मला तात्यांनी तिथे सांगितलं, आणि तो अडॉल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियमच्या माणसानं काढला, पेटंट १८४६ चं, हे सॅक्सवाल्यांनी सांगितलं. तात्या एवढं बोलताना मी सात वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

आणि मग अर्थातच सगळे मागे लागले, तात्या वाजवा, तात्या वाजवा. मी सुद्धा. आता लाज वाटते, पण मी सुद्धा. तात्यांनी मान हलवली. म्हणाले, वरचे दात क्लॅरोनेटच्या तोंडावर टेकवावे लागतात, माझे राहिले नाहीत, कवळी हलते, फुंक सुटते, नुसती हवा जाईल. खूप साधं सांगितलं, गुडघा दुखतोय सांगावं तसं. कोणाला काय बोलावं कळेना. सॅक्सवाल्यांनी काही समजूत वगैरे काढली नाही, फक्त क्लॅरोनेट उचलून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, धरून बसा, मी वाजवतो.

पुढचं गाणं सी. रामचंद्रांचं. म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर. १९५१ च्या 'अलबेला'त तो शिक चॉकलेटचा बँड पडद्यावरच दिसतो आणि पुढे भगवानदादा. पहिल्या चार सुरांतच व्हरांडा उठला. भगवानदादांचा नाच तुम्हाला माहितीच असेल, पाय उचलायचा नाही, कंबर वाकवायची नाही, खांदे हलवत, हात हलवत सरकत राहायचं. गुडघे बदललेल्या माणसाला करता येईल असा तो जगातला एकमेव डान्स आहे. खजिनदार काका नाचले, पोस्टातल्या ताई नाचल्या, भाकरीवाल्या काकू नाचल्या, शास्त्रीयवाले काका बसूनच खांदे हलवत होते. टाळ्या सगळ्या दोनवर आणि चारवर.

तात्या खुर्चीत बसलेले, क्लॅरोनेट उभं धरून, तोंडापासून वीतभर लांब. बोटं चालत होती. प्रत्येक सूर, प्रत्येक मुरकी, एकही बोट चुकत नव्हतं, आवाज नाही. चाव्यांचा टिक टिक असा बारीक आवाज फक्त, तोही मी शेजारी होते म्हणून.

त्यानंतर सॅक्सवाल्यांनी एक संथ वाजवलं. आधी सांगितलं की जॅझ जिथं जन्मला त्या न्यू ऑर्लिन्समध्ये कोणी गेलं की बँड असतो, जाताना असं रडवेलं वाजवत जातात आणि माती देऊन येताना तोच बँड नाचायचं वाजवतो, लोक छत्र्या नाचवत परत येतात. आमचे सासरे वारकरी होते, त्यांना गावात टाळ-मृदंगात नेलं होतं, अर्धा मैल भजन, मी तेव्हा नवीन लग्न झालेली, मला ते विचित्रच वाटलं होतं. आमचे हे गेले २०२१ च्या मेमध्ये. संगम माहुलीला मी आणि मुलगा लांब उभे, किट घातलेली चार माणसं, आवाज फक्त अँब्युलन्सच्या इंजिनचा, ते बंद का करत नाहीत एवढंच माझ्या मनात. त्या संथ गाण्यात मला ते इंजिन ऐकू आलं आणि मग ऐकू यायचं थांबलं. शेजारच्या काकूंनी काही न बोलता पर्समधली आल्याची वडी माझ्या हातात ठेवली. मी खाल्ली.

चार वाजता संपलं. मग स्ट्रॉबेरी. घासाघीस, माझी बॉक्स तुझ्यापेक्षा वीस रुपयांनी महाग, वरचा थर मोठा आणि खाली सगळ्या सुपाऱ्या, ते दर वर्षीचंच. भिलारचं पुस्तकांचं गाव बघायचं होतं ते राहिलं, टेबललँडला तर कोणी जाऊया म्हणालंसुद्धा नाही. खजिनदार काकांनी गाडीत हिशोब वाचला, माणशी ३८ रुपये उरले, ते परत द्यायचे की पुढच्या सहलीला ठेवायचे यावर वाईपर्यंत चर्चा पुरेल असं वाटलं होतं पण घाट लागायच्या आत अर्धी गाडी झोपली. धनसाकाचं खरं निघालं.

अंधार पडत होता. पसरणी घाटातलं तिसरं का चौथं वळण असेल, ड्रायव्हरनं गाडी एकदम कडेला घेतली आणि लाईट लावले. सगळे दचकून जागे. तो म्हणाला, कायतरी खटखटतंय खालनं, मघापासनं, एकसारखं. खाली उतरला, टॉर्च घेऊन चाकं बघितली, वाकून खाली बघितलं, दोन लाथा घातल्या टायरला. काही नाही. परत येऊन बसला, गाडी सुरू केली, कान देऊन ऐकलं. आवाज बंद.

माझ्या पुढच्या सीटवर तात्या होते. त्यांचा हात समोरच्या दांडीवर होता, बोटात अंगठी. त्यांनी तो हळूच काढून मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागले.